साडेपाच वर्षांच्या मुलासोबत स्वप्नवही ठेवायची आहे, सल्ला हवा

मोहोर

मुलगा साडेपाच वर्षांचा, सीनियर केजीत. सकाळी उठल्यावर अधूनमधून झोपेत दिसलेलं सांगतो, दुपारी विचारलं तर काही आठवत नसतं. हे एका वहीत ठेवावं असं डोक्यात आहे. सलग लिहिता येत नाही, अक्षरं जुळवतो; चित्रं मात्र भरपूर काढतो. जाणकारांनी सांगावं:

१. वही, रंग वगैरे काय घ्यावं? की सरळ एखादं अ‍ॅप?
२. सकाळी नेमकं काय विचारायचं? "स्वप्न पडलं का?" असं विचारलं की रोज "हो" येतं आणि मग डायनासोरचं पुराण सुरू होतं. ते खरंच स्वप्न असतं का?
३. भीतीची स्वप्नंही वहीत घ्यावीत का? साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं, वाईट स्वप्न बोलून दाखवू नये.

स्वप्नांचे अर्थ, फळं वगैरे नकोत, कृपया.

शिसपेन्सिल

मी फक्त वहीबद्दल बोलते, बाकीचं कवडसा आणि रातवा सांगतील.

कोरी, बिनरेघी, ए४ आकाराची, स्पायरल बांधणीची चित्रकला वही घ्या. ए५ सुबक दिसते, पण या वयात चित्र काढताना अख्खा हात फिरतो आणि चित्र पानाबाहेर जातं. स्पायरल अशासाठी की वही गादीवरही सपाट उघडी राहते. कागद किमान १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) हवा, १२० मिळाला तर उत्तम. शाळेच्या साध्या वहीचा कागद ६०च्या आसपास असतो. त्यावर स्केचपेन मागच्या पानापर्यंत उतरतो. पानं चाळीस-पन्नास पुरेत. दोनशे पानी वही उत्साहाने आणली जाते आणि पंधराव्या पानावर थांबते.

तेलखडू नकोत, वही मिटली की समोरच्या पानाला रंग लागतो. मेणखडू घ्या, आणि पूर्ण खोका पुढ्यात ठेवू नका. सहा-सात रंग बस. चोवीस रंग असले की मूल रंग निवडत बसतं आणि तेवढ्यात स्वप्न निसटतं. पेन्सिल २बी किंवा ४बी, म्हणजे जोर न देता उमटेल. खोडरबर मुद्दाम लांब ठेवा. ते हाताशी असलं की मुलं खोडून "चांगलं" चित्र काढायला लागतात, मग दोन डोंगर, मधे सूर्य आणि नारळाचं झाड येतं, जे स्वप्नात अजिबात नव्हतं.

उजवं पान त्याचं, चित्रासाठी. डावं पान तुमचं, लिहायला. मूल डावखुरं असेल तर उलट करा, नाहीतर स्पायरल हाताखाली टोचते. लिहायच्या पानावर सगळ्यात वर तारीख, झोपल्याची आणि उठल्याची वेळ. त्याखाली त्याचे शब्द, पेनने. तळाशी तीन-चार बोटं जागा सोडून तिथे तुमची टीप, पेन्सिलीने: ताप होता, लग्नाहून उशिरा आलो, दुपारी झोपला नाही, नवं कार्टून पाहिलं. हे दोन्ही कधीही एकत्र करू नका. सहा महिन्यांनी वाचताना "घाबरला होता" हे त्याने सांगितलं होतं की तुम्हाला वाटलं होतं, ते कळायचा दुसरा मार्ग नसतो.

अ‍ॅप नको. सकाळी अंथरुणात फोन उघडला की मुलाला स्क्रीन दिसते आणि विषय बदलतो. फार तर फोनमधला साधा ध्वनिमुद्रक वापरा. फोन विमान मोडवर, पालथा ठेवून. त्याच संध्याकाळी वहीत उतरवा आणि फाईल पुसून टाका. न उतरवलेल्या फायली साठत गेल्या की वही संपली असं समजा.

कवडसा

"स्वप्न पडलं का?" हा हो-नाहीचा प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याला "हो" हवंय हे साडेपाच वर्षांच्या मुलाला चेहऱ्यावरून कळतं. एकदा हो म्हटलं की काहीतरी सांगणं भाग पडतं, आणि डायनासोर तर कायम तयार असतात. हे खोटं बोलणं नव्हे. तुम्ही मागितलंत, त्याने दिलं.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. डेव्हिड फॉक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वायोमिंग विद्यापीठाच्या झोपेच्या प्रयोगशाळेत त्याच मुलांचा काही वर्षं माग ठेवून अभ्यास केला. बुबुळं वेगाने फिरतात त्या झोपेतून, म्हणजे रेम झोपेतून, उठवल्यावर मोठी माणसं ८० ते ९० टक्के वेळा स्वप्न सांगतात. सात वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास निघालं. तीन ते पाच वर्षांची मुलं जे सांगत तेही बहुतेक एक स्थिर चित्र असे: कुठलातरी प्राणी, कुणीतरी झोपलेलं. स्वतः मूल स्वप्नात काहीतरी करतंय, गोष्ट पुढे सरकतेय, हे सातव्या वर्षाच्या सुमारास येतं. आणखी एक गंमत म्हणजे स्वप्न सांगता येण्याचा संबंध बडबडेपणाशी फारसा नव्हता; रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करायच्या कौशल्याशी होता.

म्हणून "म्हैस होती. बसली होती." ही पूर्ण नोंद आहे. तिला ओढून लांब करू नका.

आता सकाळ. मूल हलायला लागलं की पडदे ओढू नका, मोठा दिवा लावू नका, उचलून बसवू नका. कूस बदलली, बाथरूमला जाऊन आलं, कुणी "दूध घे" म्हटलं, एवढ्यानेही आठवण पुसते. शेजारी आडवे राहा. पहिलं मिनिट गप्प. तो आपणहून बोलला तर उत्तम. नाही बोलला तर एकच प्रश्न: "आत्ता उठायच्या आधी काय चाललं होतं?" यात स्वप्न हा शब्द नाही आणि हो-नाही करायची सोयही नाही. उत्तर "माहीत नाही" आलं तर "बरं" म्हणा आणि उठा. पुन्हा विचारलंत की उद्यापासून रोज काहीतरी रचून मिळेल.

बोलायला लागला तर तुमच्याकडे तीनच शब्द: "मग?", "आणखी?", "अच्छा". खाली हे प्रश्न देतोय ते टाळण्यासाठी: मी होते का तिथे? कुठल्या रंगाचा होता? तू घाबरलास ना? तो वाघच होता का? यातला प्रत्येक प्रश्न स्वप्नात एक वस्तू ठेवून येतो, आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू मुलाला खरोखर आठवते.

लिहिताना शब्द जसेच्या तसे. "पाणीत माकड बसलेलं आणि ते आजीची गाडी होती" असं म्हणाला तर तसंच. व्याकरण सुधारलं की अर्थही सुधारला जातो. इथे माकडच गाडी होतं आणि आपण "माकड गाडीत बसलं होतं" लिहून मोकळे होतो. लिहून झालं की त्याला वाचून दाखवा, "असंच ना?" आणि नाव त्यालाच द्यायला सांगा. सगळं मिळून तीन ते पाच मिनिटं. चित्र नंतर, न्याहारीला किंवा संध्याकाळी. चित्रातल्या कशाकडे त्याने बोट दाखवून "हा काका" म्हटलं तर शेजारी बारीक अक्षरात तेवढं लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याने तो गोळा काका होता की बटाटा हे कुणालाच सांगता येत नाही.

अवांतर: रेम झोपेचा शोध १९५३मध्ये शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी मांडला. अ‍ॅसेरिन्स्कीने सुरुवातीला इलेक्ट्रोड चिकटवले ते स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती. आपण वही आणि मेणखडूवर भागवतोय, हे मुलाचं नशीब.

नाचणी

कवडसा यांच्या प्रश्नांच्या यादीला +१, पण फॉक्सचे आकडे इतके शेवटचे मानू नयेत. परकी खोली, डोक्याला तारा, मध्यरात्री अनोळखी माणसाने उठवणं. अशा वेळी चार वर्षांचं मूल किती बोलणार? २०१५मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांनाच प्रशिक्षण देऊन घरी, सकाळी, स्वप्नं नोंदवून घेतली. तिथे मुलं स्वप्नात बऱ्यापैकी हिंडताफिरताना, काहीबाही करताना दिसली. त्यामुळे मोहोर, मुलाने लांब स्वप्न सांगितलं म्हणून ते लगेच बनावट ठरवू नका.

दुसरं. साडेपाच हे अगदी काठावरचं वय आहे. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मुलांना "स्वप्न कुठे असतं?" असं विचारून पाहिलं होतं. लहान मुलं म्हणत, खोलीत असतं. म्हणजे शेजारी झोपलेल्या आईलाही ते दिसलं असणार. म्हणून "ते खरं नव्हतं" हे वाक्य त्यांना पटत नाही. त्यांनी तर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. "ते तुला झोपेत दिसलं, मला नाही दिसलं, म्हणून मला सांग" असं म्हणा. यात सांगायचं कारणही मिळतं.

कवडसा

@नाचणी, प्रयोगशाळेबद्दलचा आक्षेप मान्य. पण घरी विचारणाऱ्या आईला खूश करायची ओढही तेवढीच, प्रशिक्षण असो वा नसो. दोन्हीकडे निम्मं-निम्मं धरू.

व्यवहारात यावर सोपा तोडगा आहे. वहीचे दोन भाग करा: पुढून "झोपेतलं", मागून उलटी धरून "मनातलं". डायनासोरचं पुराण सुरू झालं की विचारा, "हे कुठल्या बाजूला लिहू?" मुलं बहुतेक वेळा प्रामाणिकपणे सांगतात, कारण दोन्ही बाजूंना जागा आहे आणि दोन्हीकडे तितक्याच आवडीने लिहिलं जातंय. गोष्ट सांगता सांगता नजर खोलीभर फिरत असेल आणि खोलीतल्याच वस्तू गोष्टीत येत असतील, किंवा तुम्ही हसलात की तोच भाग परत येत असेल, तर ते मनातलं असण्याची शक्यता जास्त. पण हे ताडून त्याला पकडायचं नाही.

स्टिकर, स्टार, "व्वा किती छान स्वप्न!", सगळं बंद. ज्या गोष्टीला बक्षीस, तिचा पुरवठा वाढतो.

दोनरेघी

शाळेची वेळ काय आहे? राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलंय, पण रिक्षा-व्हॅनवाले अजूनही भल्या पहाटे दारात असतात. गजराने, घाईत उठवलेल्या मुलाकडून स्वप्न मिळत नाही. अशा घरी शनिवार-रविवार आणि सुट्टीचीच वही ठेवा. आठवड्याला एक-दोन नोंदी पुष्कळ झाल्या. उरलेल्या दिवशी कालनिर्णयच्या चौकोनात टिंब: काही आठवलं तर भरलेलं, नाही तर पोकळ. दुधाच्या हिशेबाशेजारी मावतं.

या वयाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. साडेसहाला उठायचं आणि दुपारची झोप नसेल तर रात्री साडेआठला दिवा बंद हवा. झोप कापली की सर्वात आधी पहाटेचा भाग जातो, आणि रेम झोप तिथेच जास्त असते. स्वप्न आठवावं म्हणून मुलाला मध्येच उठवायचे प्रकार मात्र अजिबात करू नका.

आणि वहीत शुद्धलेखन घुसवू नका. पुढे सात-आठव्या वर्षी तो स्वतः एखादी ओळ लिहायला लागेल. तिथे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंत की वही त्याची राहत नाही.

रातवा

भीतीच्या भागाबद्दल. आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करू, कारण घरोघरी दोन्हींना "झोपेत घाबरतो" म्हणतात.

वाईट स्वप्न: रात्रीच्या उत्तरार्धात, बहुधा पहाटेकडे. मूल पूर्ण जागं होतं, रडतं, तुम्हाला ओळखतं, काय दिसलं ते सांगतं, परत झोपायला घाबरतं.

रात्रीचा भयझटका: झोपल्यावर साधारण एक ते तीन तासांत, गाढ झोपेतून. किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, घाम, छाती धडधडते, तुम्हाला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं. काही मिनिटांनी आपोआप झोपतं आणि सकाळी काहीही आठवत नाही. यात उठवायचं नाही, गदागदा हलवायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. त्याने ते लांबतं. नुसतं शेजारी थांबायचं, पडणार-आपटणार नाही एवढं पाहायचं, गॅलरीच्या दाराला वरची कडी लावायची. अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय ही नेहमीची निमित्तं. हे स्वप्नवहीत जात नाही आणि सकाळी चारचौघांत "काल काय ओरडलास" असंही नाही; त्याला न आठवणारी भीती आपण नव्याने देतो. वेळ आणि किती मिनिटं, एवढं वेगळ्या कागदावर. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटं आधी हलकेच चाळवून, कूस बदलून परत झोपवायचं, असं दोन-चार आठवडे केलं की बरेचदा थांबतं.

आता वाईट स्वप्न. रात्री वही काढायची नाही. मंद दिवा, पाठीवर हात, "ते झोपेत दिसलं, आता आपण घरी आहोत", घोटभर पाणी, संपलं. पलंगाखाली वाकून "बागुलबुवा नाहीये बघ" करू नका. आई शोधतेय, म्हणजे असू शकतो, असा सरळ हिशेब मूल करतं.

दुसऱ्या दिवशी, उजेडात, त्याची तयारी असेल तरच: चित्र काढ. मग, "यात काही बदलायचं असेल तर काय बदलशील?" बदल त्याचाच हवा. तुम्ही "मग पोलीसकाका आले" सुचवलंत तर तो ऐकून घेईल, पण पोलीसकाका रात्री कामाला येत नाहीत. कुत्र्याला चप्पल घालणं, राक्षसाला सर्दी होणं, असले त्याचे बदल चालतात, तर्क लागत नाही. बदललेलं दुसरं चित्र काढून घ्या आणि पुढचे काही दिवस दुपारी पाच मिनिटं फक्त तेच बघा. पहिलं चित्र झोपायच्या आधी उघडायचं नाही. मोठ्यांमध्ये दुःस्वप्नांवर जो सराव देतात, जागेपणी शेवट बदलून तो मनात घोळवण्याचा, त्याचंच हे छोटं रूप.

साबांशी वाद घालू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे: रात्री बोलत बसू नये. एवढंच मागा की "पहाटेचं स्वप्न खरं होतं" हे मुलासमोर नको. रेमचे टप्पे पहाटे लांबतात आणि जागही त्याच सुमारास येते, म्हणून पहाटेचीच स्वप्नं जास्त आठवतात. पण पाच वर्षांच्या मुलाला पाच वाजता दिसलेला वाघ खरा होणार असं कळलं तर झोप उडेल. दृष्ट काढायची तर काढू द्या, मीठ-मोहरीने वहीचं काही बिघडत नाही.

डॉक्टरांकडे कधी: तेच स्वप्न कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा, विशेषतः अपघात किंवा घरातल्या मोठ्या घटनेनंतर, झोपायलाच नकार, जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, किंवा रात्री अनेकदा, अगदी ठरावीक छापाची हालचाल, झटके. घोरणं-श्वास अडकणं आणि हालचाल-झटके, या दोन्हींत फोनवर चित्रफीत काढून न्या, तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी उपयोगी.

मोहोर

खूप धन्यवाद सगळ्यांना. "मनातलं"ची कल्पना फारच आवडली. दोन शंका. सर्दी-खोकल्यासाठी सध्या त्याला रात्री एक गोळी चालू आहे, माँटेल्युकास्ट असलेली. याचा काही संबंध? आणि बहिणीची मुलगी न्यू जर्सीला, वय सहा, तिच्यासोबतही सुरू करायचं म्हणतेय. ती अर्धं इंग्रजीत सांगते, ते मराठीत लिहून घ्यावं का?

रातवा

संबंध असू शकतो. अस्वस्थ, ठळक, भीतीची स्वप्नं हा माँटेल्युकास्टचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मनावर-वागण्यावर होणाऱ्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२०मध्ये त्यावर चौकटीतला, म्हणजे सर्वात कडक, इशारा घातला. गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः दमा असेल तर. गोळी सुरू केल्याची तारीख वहीच्या टिपेत लिहा, आधीच्या आणि नंतरच्या रात्री शेजारी ठेवा आणि ते पान बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चिडचिड, उदासपणा, वागण्यात एकदम फरक दिसला तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

परसदार

भाषांतर नको. ज्या भाषेत सांगेल त्याच भाषेत, एका वाक्यात दोन असतील तर दोन्ही. मराठी वाढवायला दुसरी निमित्तं शोधा. स्वप्न सांगताना शब्द अडला की मूल सोपा, जवळचा शब्द घेतं आणि दिसलेलं बदलून टाकतं. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलात तर आजीलाही वाचता येईल. आजीला वाचायला द्यायचं की नाही, हे मात्र मुलीला विचारून.

नाचणी

यावरून: कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पानं टाकू नका, कितीही गोड असली तरी. पाहुण्यांनी "अरे, तुझ्या स्वप्नात मी बेडूक होतो म्हणे?" विचारलं की मुलाला कळतं इथलं बाहेर जातं, आणि पुढची स्वप्नं सभ्य व्हायला लागतात.

वारलेले आजोबा स्वप्नात आले, असंही कधीतरी येईल. मोठ्यांचे डोळे भरतात, कुणी संकेत शोधतं. नोंद तशीच करा: काय करत होते, "मग?", "आणखी?". त्याच्यासाठी ते आजोबा केळं खात होते, एवढंच असू शकतं.

मोहोर

पटलं. शेवटचं विचारते. भीतीचं चित्र काढल्यावर ते फाडून टाकायचा हट्ट करतो. फाडू द्यावं?

शिसपेन्सिल

द्यावं, वही त्याची आहे. फक्त, उजवं पान फाडलंत तर त्याच्या पाठीवर पुढच्या स्वप्नाचं लिखाण असतं, तेही जातं. म्हणून भीतीची चित्रं सुट्या कागदावर काढून घ्या. मलपृष्ठाच्या आतून एक पाकीट तिन्ही कडांना डिंक लावून चिकटवा, घडी घातलेला ए४ कागद मावेल एवढं. ठेवायचं, फाडायचं की पाकिटात कोंडायचं ते तो ठरवेल. पाकिटाला दोऱ्याची गुंडी असली तर उत्तम, मुलांना ती स्वतः गुंडाळून बंद करायला आवडते.